वीतभर गाडीचें एंजिन

मोठ्या वस्तूची लहान प्रतिकृति करण्याची हौस मनुष्यास फार जुनी आहे. दिवाळींत अंगणांत उभे राहणारे मातीचे किल्ले, सुताराच्या हातचे लांकडी बैलगाडे, मुलींच्या भातुकलींतील तांब्यापितळेचीं भांडीं, हीं सारीं त्याच हौसेचीं अपत्यें होत. यांपैकीं बहुतेकांचें काम दिसण्याचें असतें, चालण्याचें नसतें. किल्ल्याच्या बुरुजावर तोफ ठेविली, तरी ती उडावी अशी कोणाची अपेक्षा नसते. भातुकलीची गोष्ट मात्र किंचित् निराळी आहे. तिच्या चिमुकल्या चुलीवर खराखुरा भात शिजवूं पाहणाऱ्या मुलीच्या एक गोष्ट लवकरच ध्यानांत येते. आईच्या पातेल्यांतला भात उतरून ठेवल्यावरहि बराच वेळ गरम राहतो. बोळक्यांतला भात पानांत पडेपर्यंत निवून जातो. तांदूळ तेच, पाणी तेंच, भांड्याचा आकारहि तोच. फक्त माप लहान झालें आणि वस्तूचा स्वभाव बदलला.

याचें कारण साध्या गणितांत आहे. एखाद्या वस्तूची लांबी, रुंदी व उंची हीं तिन्ही मापें चौथाईवर आणलीं, तर तिचा पृष्ठभाग चौथाईवर येत नाहीं, सोळाव्या हिश्श्यावर येतो. आणि तिचें घनफळ चौसष्टाव्या हिश्श्यावर जातें. उष्णता सांठते ती घनफळांत, आणि बाहेर पडते ती पृष्ठभागांतून. सांठा चौसष्टांश उरला, पण बाहेर पडण्याच्या वाटा मात्र सोळांश राहिल्या. म्हणजे सांठ्याच्या मानानें गळती चौपट झाली. वस्तूंच्या बळकटीच्या संबंधांत हें गणित गॅलिलिओनें १६३८ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत मांडलें होतें. लहान प्राण्याचें हाड त्याच घडणीचें ठेवून नुसतें मोठें केलें, तर तें मोठ्या प्राण्याचा भार सोसणार नाहीं, असें त्यानें दाखवून दिलें.

मोटारीची वीतभर प्रतिकृति करून तिच्यांत खरेंखुरें, बारीकसारीक तपशिलांसह एंजिन बसवूं पाहणाऱ्या कारागिरांना याच गणिताशीं झुंजावें लागतें. एंजिन दिसण्यांत खरें करावयाचें, कीं चालण्यांत खरें, हा त्यांच्यापुढील प्रश्न. दोन्ही एकदम साधणें कां कठीण, हें समजून घेण्यासाठीं मोटारीच्या जन्मापूर्वीं सव्वाशें वर्षें मागें जावें लागतें.

जेम्स वॉट आणि किटलीचें झांकण यांची गोष्ट शाळकरी पुस्तकांतून सर्वांच्या परिचयाची असते. तिच्याहून अधिक उद्बोधक, आणि शिवाय खरी, अशी दुसरी गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाहीं. स्कॉटलंडांतील ग्लासगो विश्वविद्यालयांत वॉट हा उपकरणें तयार करणारा व दुरुस्त करणारा कारागीर होता. तेथील पदार्थविज्ञानाचे अध्यापक जॉन अँडरसन यांच्या वर्गांत दाखविण्यासाठीं न्यूकोमेनच्या वाफेच्या यंत्राचा एक लहान नमुना होता. तो नीट चालत नसे. लंडनच्या सिसन नांवाच्या नामांकित कारागिराकडे तो धाडण्यांत आला होता, आणि १७६० सालीं तो परत आला, तरी त्याचें रडगाणें संपलें नव्हतें. १७६३-६४ च्या हिंवाळ्यांत तो वॉटच्या मेजावर आला.

न्यूकोमेनचीं मोठीं यंत्रें त्या वेळीं खाणींतील पाणी उपसण्याचें काम करीत. पहिलें यंत्र १७१२ सालीं उभें राहिलें होतें. नळकांड्यांत वाफ भरावयाची, मग आंत थंड पाण्याचा फवारा सोडावयाचा. वाफ आटून आंत पोकळी होते, आणि बाहेरच्या हवेचा दाब दट्ट्याला खालीं लोटतो, अशी त्यांची रीत. नमुन्याचें नळकांडें २ इंच व्यासाचें होतें, आणि दट्ट्याची धांव ६ इंच. वॉटनें तो दुरुस्त करून चुलीवर चढविला. दट्ट्या चारदोन वेळां खालीं-वर झाला आणि थांबला. वाफच संपली! बॉयलर पाहावा तर नळकांड्याच्या मानानें चांगला मोठा होता.

दुसरा एखादा कारागीर असता, तर त्यानें बॉयलर आणखी मोठा करून अध्यापकांकडे नमुना पोंचता केला असता व मजुरी घेऊन मोकळा झाला असता. वॉटनें वाफ जाते कोठें याचा शोध मांडला. मोठ्या यंत्राचें नळकांडें ५० इंच व्यासाचें आहे असें समजलें, तर २ इंची नमुन्यांत आंतल्या जागेच्या मानानें भिंतीचा पृष्ठभाग २५ पट अधिक होतो. त्यांत मोठीं नळकांडीं बिडाचीं असत, नमुन्याचें होतें पितळेचें. आणि पितळ बिडापेक्षां उष्णता लवकर ओढून घेतें. प्रत्येक फवाऱ्याबरोबर भिंत गार होई, आणि ती पुन्हां तापवितां तापवितां पुढच्या खेपेची बरीचशी वाफ आटून जाई. वॉटनें जवसाच्या तेलांत भिजवून भाजलेल्या लांकडाचेंहि एक नळकांडें करून पाहिलें. लांकूड उष्णता कमी खातें, एवढें त्यावरून दिसलें.

येथपर्यंतचें काम हें एका दक्ष कारागिराचें काम होतें. पुढचें पाऊल मात्र निराळें आहे. नमुन्यांत जी वाफ वायां जाते, ती मोठ्या यंत्रांतहि जात असलीच पाहिजे, हें वॉटनें ओळखलें. तेथें ती दिसत नव्हती, कारण खाणीच्या तोंडाशीं कोळसा मुबलक होता आणि यंत्र कसें कां होईना चालत होतें. लहान नमुन्यानें मोठ्या यंत्राचा दोष जणूं भिंगाखालीं धरून दाखविला. १७६५ च्या मे महिन्यांत एका रविवारीं ग्लासगोच्या मैदानावर फिरतांना त्याला उपाय सुचला. वाफ नळकांड्यांत गार न करतां शेजारच्या निराळ्या पात्रांत ओढून घेऊन तेथें गार करावी. म्हणजे नळकांडें नेहमीं गरम राहील आणि पात्र नेहमीं गार. १७६९ मध्यें त्यानें त्याचें पेटंट घेतलें. तो हट्टी नमुना ग्लासगोच्या हंटेरियन संग्रहालयांत जपून ठेवलेला आहे. सिसनसारख्या कारागिराच्या हातांत जाऊन तो जर बरा चालूं लागला असता, तर वॉटला एवढा विचार करण्याचें कारण पडलें नसतें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

वॉटचा नमुना गाडीचा नव्हता. आपल्या शक्तीनें चालणाऱ्या गाडीचा नमुना करणारा विल्यम मर्डॉक हा वॉटच्याच पदरचा मनुष्य. हाहि स्कॉटलंडचाच. १७७७ सालीं तो नोकरी शोधीत पायीं बर्मिंगहॅमला वॉटचा भागीदार मॅथ्यू बोल्टन याच्या कारखान्यावर आला. त्याच्या डोकीवर लांकडी टोपी होती व ती त्यानें स्वतः केलेल्या लेथवर कातलेली होती, हें पाहून बोल्टननें त्याला ठेवून घेतलें, अशी कथा आहे. कारखान्यानें त्याला कॉर्नवॉल प्रांतांतील खाणींवर यंत्रें उभारण्यासाठीं धाडलें. दिवसा हें काम, आणि रात्रीं रेडरुथ गांवांतील आपल्या घरीं स्वतःचा उद्योग. १७८४ च्या सुमारास त्यानें तीन चाकांची एक लहान गाडी तयार केली. तिच्या तांब्याच्या बॉयलरखालीं स्पिरिटचा दिवा होता. नळकांडें पाऊण इंच व्यासाचें, आणि धांव २ इंचांची. तें नळकांडें त्यानें अर्धें बॉयलरांत बुडविलें होतें. मर्डॉकनें भिंत बाहेरच्या हवेला न दाखवितां वाफेंतच ठेवली, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. ग्लासगोच्या नमुन्याला ज्या गारठ्यानें ग्रासलें होतें, त्यावरच हा तोडगा पडतो.

गाडी चालली, आणि चांगली चालली. एके रात्रीं मर्डॉकनें ती चर्चकडे जाणाऱ्या सामसूम वाटेवर सोडली. ती त्याच्या हातची निसटून फुत्कार टाकीत पुढें धांवली. समोरून येणाऱ्या पाद्रीबुवांनीं अंधारांत ही आग ओकणारी वस्तु पाहिली व साक्षात् सैतान आला असें समजून आरडाओरड केली, अशी आख्यायिका आहे. पाद्रीबुवांची हकीकत खरी असो वा नसो, गाडी खरी होती. ती बर्मिंगहॅमच्या संग्रहालयांत पाहावयास मिळते. १७८६ सालीं मर्डॉक पेटंट घेण्याकरितां लंडनला निघाला असतां एक्झेटरजवळ बोल्टनशीं त्याची गांठ पडली. बोल्टननें त्याची समजूत घालून त्याला परत फिरविलें. नंतर ट्रुरो येथील एका मोठ्या दालनांत मर्डॉकनें मालकाला गाडी चालवून दाखविली. चुलीजवळचीं फावडें, सळई व चिमटा हीं अवजारें पाठीवर घेऊन ती खोलीभर फिरत राहिली. परंतु वॉटला हा नाद पसंत नव्हता. मर्डॉकनें हातांतल्या कामाकडे पाहावें, सावल्यांच्या मागें लागणें दुसऱ्यांना सोडून द्यावें, अशा आशयाचें त्यानें बोल्टनला लिहिलें.

यांत वॉटचा स्वार्थ होता, हें उघड आहे. उत्तम यंत्र उभारणारा माणूस गाडीच्या पायीं हातचा जावा, हें कोणत्या मालकाला रुचेल? पण केवळ स्वार्थ म्हणून वॉटला दोष देणें न्यायाचें होणार नाहीं. ज्याला लहान नमुन्यानें एकदां धडा दिला होता, तो दुसऱ्या नमुन्याच्या यशानें हुरळून जाणारा नव्हता. वीतभर गाडी दालनांत पळते म्हणून दहापट मोठी गाडी रस्त्यावर पळेल, असा निष्कर्ष निघत नाहीं. मापें दहापट झालीं कीं वजन हजारपट होतें, आणि तें पेलणारे आंस व चाकें यांच्या छेदाचें क्षेत्रफळ मोजलें तर तें फक्त शंभरपट झालेलें असतें. मर्डॉकला मात्र तें आजमावण्याची संधीच मिळाली नाहीं, आणि ही रुखरुख त्याच्या चरित्रांत राहिली आहे. पुढें त्यानें कोळशाच्या वायूचे दिवे लावून दुसरें नांव मिळविलें.

त्याच कॉर्नवॉलमधील रिचर्ड ट्रेव्हिथिकनें वॉटच्या भीतीची सत्यता अनुभवली. त्यानें प्रथम घरांत चालणारे नमुने केले. त्यांच्यांत विस्तवाऐवजीं लाल तापलेलें लोखंड घालून पाणी उकळीत. वॉटच्या पेटंटाची मुदत १८०० सालीं संपली, आणि १८०१ च्या नाताळच्या आदल्या दिवशीं ट्रेव्हिथिकची माणसें वाहून नेणारी मोठी गाडी कँबोर्नचा चढ चढली. १८०४ मध्यें त्याच्या रुळावरील एंजिनानें वेल्समध्यें १० टन लोखंड आणि ७० माणसें ओढून नेलीं. एंजिन जिंकलें, पण खालचे बिडाचे रूळ त्याच्या वजनानें मोडले. घरांतल्या नमुन्यानें ज्या गोष्टीची चाहूलहि दिली नव्हती, ती रस्त्यावर उभी राहिली.

एवढा इतिहास पाठीशीं घेऊन मोटारींच्या युगांत यावें. कार्ल बेंझनें १८८६ सालीं पेट्रोलच्या गाडीचें पेटंट घेतलें, आणि लौकरच खेळण्यांच्या दुकानांत पत्र्याच्या मोटारी आल्या. त्यांच्या पोटांत घड्याळासारखी स्प्रिंग असे. त्या कारखानदारांचें येथें कांहीं काम नाहीं. येथें काम आहे तें घरच्या एका कोपऱ्यांत लेथ मांडून बसणाऱ्या हौशी कारागिरांचें. इंग्लंडमध्यें १८९८ सालीं पर्सिव्हल मार्शल यांनीं 'मॉडेल एंजिनिअर' नांवाचें नियतकालिक सुरू केलें. त्या काळीं कारकून, शिक्षक, डॉक्टर असे लोक संध्याकाळीं कोट काढून लेथपाशीं उभे राहूं लागले होते. त्यांना नकाशे, मापें व सल्ला या नियतकालिकानें पुरविला. या मंडळींत एक वचन रूढ आहे, त्याचा भावार्थ असा कीं, सर्व कांहीं प्रमाणांत लहान करतां येतें, निसर्ग तेवढा लहान करतां येत नाहीं.

पेट्रोलच्या एंजिनांत या वचनाचा प्रत्यय पदोपदीं येतो. चौथाई मापाचें एंजिन घ्यावें. मोठ्या मोटारींतील ठिणगीच्या प्लगचे आटे साधारणतः १४ मिलिमीटर व्यासाचे. प्रमाणानें लहान प्लग साडेतीन मिलिमीटरांचा हवा. तेवढ्यांत मधली तार, तिच्या भोंवतालचें चिनीमातीचें वेष्टण आणि बाहेरचा धातु हीं तिन्ही बसवावयाचीं. वीज मात्र आपली उडी प्रमाणांत लहान करीत नाहीं. वेष्टण पातळ झालें कीं ती आडवाटेनें फुटून निघते. म्हणून असे कारागीर बहुधा पाव इंची आट्यांचा प्लग वापरतात. तो प्रमाणाहून जवळजवळ दुप्पट जाड असतो, आणि जाणत्याच्या डोळ्यांना लगेच खुपतो.

कार्बुरेटरची अडचण अधिक खोल आहे. फेऱ्यांची संख्या तीच ठेवली, तर चौथाई एंजिनांत दट्ट्याचा वेग चौथाई होतो. हवेच्या झोतानें पेट्रोल वर खेंचण्याची जी ओढ निर्माण होते, ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत असते. म्हणजे ती सोळाव्या हिश्श्यावर येते. पेट्रोलच्या थेंबाला मात्र आपण लहान एंजिनांत आलों आहों हें ठाऊक नसतें. तो पूर्वींच्याच आकाराचा राहतो, बारीक छिद्राला चिकटून बसतो, आणि एखादा धुळीचा कण आला कीं वाटच बंद होते. शिवाय दट्ट्याच्या कडेनें निसटणारी हवा, भिंतींतून जाणारी उष्णता, हे वॉटचे जुने वैरी आहेतच.

परंतु निसर्ग एका हातानें घेतो तसा दुसऱ्या हातानें देतोहि. दट्ट्या व त्याचा दांडा यांचें वजन इतकें घटलेलें असतें, कीं चौथाई एंजिनाला चौपट फेऱ्यांनीं फिरविलें तरी त्याच्या अंगांवर मोठ्या एंजिनाइतकाच ताण पडतो. म्हणून ज्यांना गति हवी होती, त्यांनीं ही देणगी मुक्तहस्तानें वापरली. १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत, विशेषतः कॅलिफोर्नियांत, पोलादी तारेनें मधल्या खांबाला बांधून गोल धांवणाऱ्या लहान मोटारींचा खेळ निघाला. लॉस एंजेलिसच्या डूलिंग बंधूंच्या गाड्या व एंजिनें यांत नांवाजलीं. बाहेरून इंडियानापोलिसच्या शर्यतींतील मोटार, आंत १० घनसेंटीमीटरांचें, एकाच सिलिंडरचें एंजिन. दुसरें महायुद्ध संपून कांहीं वर्षें होतात न होतात तों या गाड्या तासाला १०० मैलांच्या पलीकडे गेल्या. हा खेळ युरोपांत पुढेंहि चालू राहिला, आणि त्यांतील गाड्या तासाला ३०० किलोमीटरांची मर्यादा ओलांडून गेल्या. १९४७ मध्यें रे आर्डेन यांनीं तापलेल्या तारेचा प्लग बाजारांत आणला, तेव्हां बॅटरी व कॉईल यांचेंहि ओझें गेलें. इंधन होतें मेथिल अल्कोहोल, आणि त्यांत वंगणासाठीं घातलेलें एरंडेल. कारण खनिज तेल त्या अल्कोहोलांत मिसळत नाहीं आणि एरंडेल मिसळतें. लहानपणीं नाक दाबून घेतलेल्या औषधाला एवढा वेग असेल, हें कोणाच्या स्वप्नांतहि आलें नसेल.

या गाड्यांचा आवाज खरा, धूर खरा, वेग तर मूळ मोटारींच्या तोडीचा. पण झांकण उघडलें, कीं सोंग उघडें पडे. चार किंवा आठ सिलिंडरांच्या जागीं एक. झडपांचा, कॅमशाफ्टचा, पाण्याच्या रेडिएटरचा पत्ताच नाहीं. तें मोटारीचें एंजिन नव्हतेंच.

अगदीं उलट टोंकाचें उदाहरण खुद्द एत्तोरे बुगात्ती यांनीं घालून दिलें आहे. त्यांच्या शर्यतीच्या मोटारींचीं एंजिनें म्हणजे सपाट पृष्ठभागांचीं, चौकोनी, हातानें खरवडून उजळलेलीं शिल्पेंच. परंतु १९२७ च्या सुमारास आपल्या धाकट्या मुलासाठीं त्यांनीं आपल्याच ३५ क्रमांकाच्या मोटारीची अर्ध्या मापाची प्रतिकृति केली, तेव्हां तिच्यांत त्यांनीं विजेची मोटर बसविली. पुढें तशा बऱ्याच गाड्या विकल्याहि गेल्या. एंजिनाचा एवढा अभिमान बाळगणाऱ्या माणसानें प्रतिकृतींत तेंच वगळावें, यांत पोराच्या सुखाचा विचार असेलच. पण अर्ध्या मापाचें आठ सिलिंडरांचें एंजिन म्हणजे काय खर्चाचें काम, हेंहि त्यांच्याइतकें दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?

या दोन टोंकांच्या मधोमध एक तिसरा पंथ वाढला. एंजिन चालावें ही अपेक्षाच सोडून द्यावयाची, आणि तें दिसण्यांत मात्र निर्दोष करावयाचें. इटलींतील पोखेर कारखान्यानें १९६० च्या दशकापासून आठव्या हिश्श्याच्या मापाचीं जुळणीचीं संचें विकलीं. त्यांत शेंकडों, कांहींत तर हजारांहून अधिक, सुटे भाग असत. अमेरिकेंत १९६० च्या सुमारास चौथाई मापाचें पारदर्शक प्लॅस्टिकचें आठ सिलिंडरी एंजिन विकावयास आलें. लहान विजेच्या मोटरीनें त्याचे दट्टे हलत आणि ठिणगीच्या जागीं दिवे लुकलुकत. वर्गांत दाखविण्यास याच्यासारखें दुसरें साधन नाहीं, आणि कित्येक मुलांना चार धांवांचें चक्र प्रथम त्यानेंच समजलें असेल. या पंथाचे आचार्य म्हणजे इंग्लंडचे जेराल्ड विनग्रोव्ह. ते १५ व्या हिश्श्याच्या मापावर काम करीत, आणि १९७८ सालीं त्यांनीं मोटारींच्या प्रतिकृतींवर एक सविस्तर ग्रंथ लिहिला.

या कामांतील कष्ट प्रथमदर्शनीं कळत नाहींत. पंधराव्या हिश्श्याच्या मापांत रंगाचा थर मिलिमीटरचा दहावा हिस्सा जाड झाला, तरी मूळ मोटारीवर तो दीड मिलिमीटरांचा लेप झाला; कडा बोथट दिसतात, नट-बोल्ट चिखलांत बुडाल्यासारखे दिसतात. ओतीव बिडाची खरबरीत त्वचा, अॅल्युमिनियमची फिकट झांक, तापून निळसर पडलेली धूर जाण्याची नळी, हीं सारीं वेगवेगळीं दाखवावीं लागतात. आणि तीं दाखविण्यासाठीं मूळ धातु वापरून चालतेंच असें नाहीं. खऱ्या बिडाचे कण लहान मापांत रेतीएवढे दिसतात. तेव्हां बीड दाखवावयाचें तर तें बिडाचें करूं नये! दिसण्यांत खरें होण्यासाठींहि येथें खोटें बोलावें लागतें. चालत्या एंजिनाचा प्लग जाड करणाऱ्या कारागिराला हंसणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

मग दोन्ही साधणारा कोणी निघालाच नाहीं काय? निघाले, थोडे निघाले. इंग्लंडमध्यें एडगर वेस्टबरी यांनीं आपल्या लेखांतून चार सिलिंडरांच्या, पाण्यानें थंड होणाऱ्या, केवळ १५ घनसेंटीमीटरांच्या 'सील' नांवाच्या एंजिनाची कृति सांगितली. हें कोणा एका विशिष्ट मोटारीच्या एंजिनाची हुबेहूब नक्कल नव्हतें. परंतु खऱ्या मोटारीचीं सर्व अंगें, म्हणजे झडपा, कॅमशाफ्ट, पाण्याचे मार्ग, तळहातावर मावणाऱ्या ठोकळ्यांत राहूं शकतात आणि कामहि करूं शकतात, याची तिनें हौशी लोकांना खात्री पटविली.

त्यापुढची पायरी अमेरिकेच्या रॉन कोलोना यांची. त्यांनीं ऑफेनहौजर या शर्यतीच्या एंजिनाची चौथाई मापाची चालती प्रतिकृति केली आणि तिच्या कृतीवर पुस्तकहि लिहिलें. मूळ एंजिन चार सिलिंडरांचें, २७० घनइंचांचें. त्याच्या घराण्यानें इंडियानापोलिसची शर्यत २७ वेळां जिंकली. त्याची घडण विलक्षण आहे. इतर एंजिनांत सिलिंडरांचा ठोकळा आणि वरचें डोकें हीं निराळीं असतात व मध्यें गॅस्केट असतें. येथें दोन्ही एकाच ओतकामांत आहेत. क्रँकशाफ्टचें घर पिंपासारखें असून शाफ्ट त्यांत टोंकाकडून सरकवावा लागतो. दोन्ही अंगें एक असल्यामुळें झडपांच्या बैठका घासावयाच्या, तर अवजार खालून सिलिंडराच्या नळींतून वर न्यावें लागतें. मोठ्या एंजिनांत तेथें हात तरी जातो. चौथाई मापांत सिलिंडराचें तोंड इंचभर, बोट घालून चांचपावें एवढेंच. प्रत्येक सिलिंडराला चार झडपा, म्हणजे अशा सोळा बैठका. २७० ला ६४ नीं भागिलें कीं सव्वाचार घनइंचांहून किंचित् कमी येतात. एवढ्याशा पोकळीसाठीं हा सारा खटाटोप. पण गॅस्केट नाहीं म्हणून तेथून होणारी गळतीहि नाहीं, आणि लहान एंजिनाला गळतीइतका दुसरा शत्रु नसतो. मूळ घडणीशीं प्रामाणिक राहिल्याचा लाभच झाला, असें हें दुर्मिळ उदाहरण आहे.

फ्रान्समधील पिएर स्केरी यांनीं याहून मोठें धाडस केलें. फेरारीच्या ३१२ पीबी या मोटारीनें १९७२ सालीं जागतिक अजिंक्यपद मिळविलें होतें. तिची एक तृतीयांश मापाची प्रतिकृति त्यांनीं सुमारें पंधरा वर्षें खपून तयार केली, आणि तिच्यांत बारा सिलिंडरांचें चालतें एंजिन बसविलें. मूळ एंजिन तीन लिटरांचें. तिन्ही मापें तिसऱ्या हिश्श्यावर आणलीं, कीं २७ वा हिस्सा उरतो, म्हणजे १११ घनसेंटीमीटर. तें बारा सिलिंडरांत वांटलें तर एकेकाच्या वांट्याला नऊ-सव्वानऊ घनसेंटीमीटर येतात. दोन चमचे पाणी मावावें एवढी जागा. तेवढ्यांत दट्ट्या, झडपा, ठिणगी, सर्व कांहीं.

अशा एंजिनाच्या बाबतींत एक गमतीचा हिशेब करून पाहण्याजोगा आहे. चार धांवांच्या एंजिनांत प्रत्येक सिलिंडरांत दोन फेऱ्यांना एक स्फोट होतो. बारा सिलिंडरांचें एंजिन दर फेऱ्याला सहा स्फोट करतें. तें मिनिटाला १०,००० फेरे घेऊं लागलें, तर सेकंदाला १,००० स्फोट होतात. या हिशेबांत सिलिंडराचें माप कोठेंच येत नाहीं. पृष्ठभाग नवव्या हिश्श्यावर येतो, घनफळ सत्ताविसाव्या हिश्श्यावर, ठिणगी आणि थेंब आपल्या जुन्याच मापावर अडून बसतात. पण त्याच फेऱ्यांवर फिरणाऱ्या मोठ्या व लहान एंजिनांत सेकंदाला होणारे स्फोट सारखेच असतात. धूर जाण्याच्या नळ्या तिसऱ्या हिश्श्याच्या लांबीच्या असल्यामुळें नादाचा पोत पालटतो आणि जोरहि कमी पडतो. त्याची पट्टी मात्र मूळ गाडीचीच राहते.